सिरियम ऑक्साइडने दुर्बिणीच्या आरशाला जिल्हई कशी द्यावी

दुर्बिणीचा आरसा हाताने घासणाऱ्याच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की कार्बोरंडमचे, म्हणजे काच घासण्याच्या कठीण सिलिकॉन कार्बाइड भुकटीचे, सगळे टप्पे संपलेले असतात, काचेची चकती खरवडलेल्या दुधी काचेसारखी दिसत असते आणि पुढ्यात फिकट गुलाबी भुकटीची एक छोटी पिशवी उरलेली असते. ही भुकटी म्हणजे सिरियम ऑक्साइड. आधीच्या सगळ्या भुकट्या जशा वापरल्या तशीच हीही वापरायची, फक्त ती अधिक बारीक आहे, असा बहुतेकांचा समज असतो आणि पहिल्या आरशाच्या निम्म्या अडचणी या समजातून निघतात. येथे १५० मिलिमीटर म्हणजे ६ इंच व्यासाचा, एफ/८ प्रमाणाचा (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असलेला) आरसा डोळ्यांसमोर ठेवून जिल्हईची, म्हणजे काच घोटून चकचकीत करण्याची, कृती सांगितली आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळांमुळे हाताने आरसा घासणे महाराष्ट्रात आता अगदी अनोळखी राहिलेले नाही. घासाईच्या टप्प्यांची माहिती वाचकाला आहे असे धरून मी थेट जिल्हईकडे वळतो, पण त्याआधी हाती असलेला पदार्थ काय आहे हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची प्रत्येक सूचना त्याच्या स्वभावातून येते.

कार्बोरंडमचा कण काचेपेक्षा कितीतरी कठीण असतो. तो आरसा आणि खालची चकती यांच्यामध्ये गडगडत जातो, काचेला सूक्ष्म तडे पाडतो आणि तिचे टवके काढतो. सिरियम ऑक्साइडची कठीणता मोहस्‌च्या १ ते १० च्या मापाने साधारण ६ आहे, म्हणजे काचेच्या जवळपास. नुसत्या कठीणपणाच्या जोरावर तो काच झपाट्याने कापू शकणार नाही, आणि तरीही जिल्हईच्या कामात तो आपल्यापेक्षा कठीण असलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडला मागे टाकतो. याचे कारण रासायनिक आहे. पाण्याच्या संपर्कात काचेचा अगदी वरचा थर मऊ पडतो. सिरियमच्या कणाचा पृष्ठभाग त्या थरातील सिलिकॉनशी ऑक्सिजनच्या दुव्याने क्षणभर जोडला जातो आणि कण पुढे सरकला की सिलिकेचा अतिसूक्ष्म अंश आपल्याबरोबर उचलून नेतो. पाण्याऐवजी तेल वापरले तर हे काम जवळजवळ थांबते. जिल्हई देताना आपण काच खरवडत नसून पाण्याच्या मदतीने तिचा थर उचलत असतो, ही गोष्ट एकदा मनात ठसली की घाई, जोर आणि जास्त भुकटी या तिन्हींचा मोह आपोआप कमी होतो.

या करामतीच्या मुळाशी सिरियमचा एक गुण आहे. सिरियम हे ५८ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या गटात मोडते. या गटातील बहुतेक मूलद्रव्ये संयुगांमध्ये +३ या एकाच अवस्थेत राहणे पसंत करतात. सिरियम मात्र +३ आणि +४ या दोन अवस्थांमध्ये सहज ये-जा करते. प्रयोगशाळेत लोहाचे प्रमाण मोजण्यासाठी वापरले जाणारे पिवळे सेरिक सल्फेट, मोटारीच्या धुराड्यातील उत्प्रेरकामध्ये ऑक्सिजन साठवून ठेवणारे सिरियम-झिर्कोनियमचे मिश्र ऑक्साइड आणि काचेतील लोहाची हिरवट झाक घालवण्यासाठी वितळत्या काचेत टाकलेले सिरियम ही सगळी कामे याच ये-जा करण्यावर चालतात. जिल्हईच्या भुकटीतही कणांच्या पृष्ठभागावर +३ अवस्थेतील काही अणू असतात आणि काचेशी बंध जुळवण्यात त्यांचा वाटा मोठा मानला जातो.

‘दुर्मिळ’ हे विशेषण सिरियमच्या बाबतीत फसवे आहे, कारण पृथ्वीच्या कवचातील त्याचे प्रमाण जवळपास तांब्याइतके आहे. अडचण त्याच्या सापडण्यात नसून, सारख्याच स्वभावाच्या भावंडांपासून त्याला वेगळे काढण्यात होती. १८०३ मध्ये स्वीडनमध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी आणि जर्मनीत क्लाप्रोट यांनी स्वतंत्रपणे बास्टनेस येथील खाणीच्या जड दगडातून हे नवे द्रव्य ओळखले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १ जानेवारी १८०१ रोजी, पियाझी यांनी पालेर्मोहून आकाशात सेरेस हा बटुग्रह शोधला होता आणि त्यावरून या मूलद्रव्याला सिरियम हे नाव मिळाले. दुर्बिणीतून सापडलेल्या गोलाचे नाव धारण करणाऱ्या भुकटीने आपण दुर्बिणीचा आरसा घोटतो, हा योगायोग मला प्रत्येक वेळी गंमतीचा वाटतो. बर्झेलियस, हिसिंगर आणि क्लाप्रोट यांनी मिळवलेले ऑक्साइड शुद्ध नव्हते. मोझांडर यांनी १८३९ मध्ये त्यातून लँथॅनम वेगळे काढले, आणि सिरियम धातुरूपात हाती येण्यास १८७५ साल उजाडले.

आज बाजारातील भुकटी मुख्यतः दोन खनिजांतून येते. पहिले बास्टनेसाइट. हे सिरियम, लँथॅनम इत्यादींचे फ्लुओराइडयुक्त कार्बोनेट असून स्वीडनमधील त्याच खाणीवरून त्याला नाव मिळाले आहे. त्याचे मोठे साठे चीनमधील बायान ओबो येथे आणि अमेरिकेतील कॅलिफोर्नियामधील माउंटन पास येथे आहेत. हे खनिज हवेत भाजले की सिरियम +४ अवस्थेत जाते. मग आम्ल घातले की +३ अवस्थेतील भावंडे विरघळून निघून जातात आणि सिरियमचा बराचसा भाग मागे राहतो. इतर दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करायला द्रावक-निष्कर्षणाच्या लांबलचक साखळ्या लागत असताना सिरियम त्यामानाने स्वस्तात मिळते, ते याच दुहेरी अवस्थेच्या जोरावर.

दुसरे खनिज मोनाझाइट आपल्या अधिक जवळचे आहे. हे सिरियम, लँथॅनम, निओडिमियम आणि थोरियम यांचे फॉस्फेट असून ते पिवळट ते तांबूस तपकिरी कणांच्या रूपात केरळातील चवरा, तामिळनाडूतील मनवलकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील किनाऱ्याच्या वाळूत सापडते. मनवलकुरिचीच्या वाळूतील मोनाझाइट १९०९ मध्ये शॉम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाने ओळखले. केरळातून निर्यात झालेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूने त्याचे लक्ष वेधले होते. त्या काळी या खनिजाला भाव होता तो गॅसबत्तीमुळे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवल्या जाणाऱ्या गॅसबत्तीचे मॅन्टल म्हणजे सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड यांची जाळी असे, आणि तो एक टक्का नसता तर प्रकाश निस्तेज पडला असता. सिगारेट लायटरच्या चकमकीतही लोहाबरोबर सिरियमच असते. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९५२ मध्ये केरळातील आलुवा येथील तिचा कारखाना सुरू झाला, आणि तिचे मुख्यालय मुंबईत आहे. आलुवाच्या कारखान्यात मोनाझाइट दाहक सोड्याबरोबर तापवून फॉस्फेट वेगळे काढले जात असे, नंतर हायड्रोक्लोरिक आम्लात दुर्मिळ मृदा विरघळवून थोरियम मागे ठेवले जात असे.

येथे एक स्पष्ट इशारा देणे मला कर्तव्य वाटते. मोनाझाइटमधील थोरियम किरणोत्सारी आहे आणि हे खनिज अणुऊर्जाविषयक कायद्याखाली नियंत्रित आहे. किनाऱ्यावरची वाळू आणून घरी सिरियम काढण्याचा उद्योग कोणीही करू नये. रत्नागिरीची काळी वाळू तर त्यासाठी मुळातच निरुपयोगी आहे, कारण तिच्यात मुख्यतः इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचे ऑक्साइड असते. भुकटी विकत घ्यावी.

विकत घेताना रंगावर फार विसंबू नये, पण रंग काय सांगतो ते माहीत असावे. शुद्ध सिरियम ऑक्साइड पांढुरके ते फिकट पिवळे असते. जिल्हईच्या भुकटीत लँथॅनमसारखी भावंडे आणि बऱ्याचदा थोडे फ्लुओराइड मुद्दाम राहू दिलेले असते, आणि त्यातील प्रासिओडिमियममुळे तिला गुलाबी, केशरी किंवा तपकिरी छटा येते. त्यामुळे पांढरी भुकटी चांगली आणि गुलाबी भेसळीची असे समजणे चूक आहे. आरशासाठी महत्त्वाचा आहे तो कणांचा आकार. दुकानात ‘ऑप्टिकल’ म्हणून मिळणारी, १ ते ३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भुकटी मागावी. खिडक्यांच्या काचांसाठी किंवा काचेच्या कडांसाठी विकली जाणारी भुकटी भरड असते, ती काच चमकवते, पण दुर्बिणीला लागणारा गुळगुळीतपणा देत नाही. भुकटी गडद तांबडी असेल आणि बोटांना पक्का डाग पडत असेल तर ती बहुधा रूज म्हणजे लोह ऑक्साइड आहे. रूजही जिल्हईचेच द्रव्य आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सिरियम रूढ होईपर्यंत भिंगे आणि आरसे त्यानेच घोटले जात, पण ते फार सावकाश चालते. खडूची भेसळ आहे का हे पाहण्यासाठी चिमूटभर भुकटीवर व्हिनेगर टाकावे. भाजलेले सिरियम ऑक्साइड सौम्य आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे फसफस झाली तर ती भुकटी परत करावी. आणखी एक खूण हाताला कळते, ती म्हणजे वजन. सिरियम ऑक्साइडची घनता पाण्याच्या सातपट आहे आणि डबी उचलताच ती जड लागते. ६ इंची आरशासाठी १०० ग्रॅम भुकटी पुरून उरते.

भुकटी कालवण्याआधी घरातील जागा बदलावी, हे मी अत्यंत गांभीर्याने सांगतो. ज्या टेबलावर ८० नंबरचे कार्बोरंडम वापरले, त्या टेबलावर जिल्हई देऊ नये. माझ्या पहिल्या आरशावर, चौथ्या तासाला, मध्यापासून कडेपर्यंत एक चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटला. कारण शोधले तेव्हा कळले की घासाईच्या दिवसांत घातलेलाच स्वेटर मी पुन्हा घातला होता आणि त्याच्या बाहीत अडकलेला एक कण लॅपवर, म्हणजे आरसा ज्यावर घोटतात त्या मऊ थराच्या चकतीवर, पडला होता. त्या एका कणापायी मला दोन टप्पे मागे जावे लागले. तेव्हा कपडे बदलावेत, नखे घासून धुवावीत, बादली, स्पंज आणि पुसण्याची फडकी नवी घ्यावीत, आणि शक्य असेल तर खोलीच दुसरी निवडावी.

एका स्वच्छ बाटलीत एक भाग भुकटी आणि आकारमानाने सहा ते आठ भाग पाणी घेऊन ती हलवावी. पाणी उकळून गार केलेले किंवा गाळलेले असावे. मिश्रण पातळ ताकासारखे दिसले पाहिजे. कण जड असल्यामुळे ते काही मिनिटांतच तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी बाटली हलवणे आवश्यक आहे. भुकटीच्या दर्जाची खात्री नसेल तर जुन्या कारागिरांची निवळण्याची पद्धत वापरावी: मिश्रण उंच भांड्यात ढवळून अर्धा मिनिट स्थिर ठेवावे, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि तळाशी बसलेला भरड गाळ टाकून द्यावा. वरच्या पाण्यातील बारीक कणच कामाचे.

आता लॅप. कार्बोरंडमचे कण कठीण चकतीवर गडगडत राहणे इष्ट असते, तर सिरियमचे कण मऊ पृष्ठभागात अर्धे रुतून एकाच पातळीवर राहणे इष्ट असते. म्हणूनच जिल्हईचा लॅप पिचचा, म्हणजे डांबरासारख्या घट्ट पदार्थाचा, करतात. पिच हा विलक्षण पदार्थ आहे. हातोडीने फुटतो, पण वजन ठेवून सोडला तर तासाभरात वाहतो, आणि या वाहण्यामुळेच तो आरशाच्या गोलाईशी तंतोतंत जुळत राहतो. पिच किती कठीण असावा हे खोलीच्या तापमानावर ठरते. पुण्यात जानेवारीच्या सकाळी बरोबर वाटणारा पिच मेच्या दुपारी लोण्यासारखा वागतो, तर जानेवारीत मे महिन्याचा पिच वापरला तर तो काचेवर केसासारखे बारीक ओरखडे ओढतो. चाचणी सोपी आहे: ज्या तापमानाला काम करायचे त्याच तापमानाला पिचच्या तुकड्यावर अंगठ्याचे नख मध्यम दाबाने दहा-पंधरा सेकंद धरावे. स्पष्ट पण उथळ खूण उमटली तर पिच योग्य, खूण खोल गेली तर मऊ आणि उमटलीच नाही तर कठीण. मऊ पिच सुधारण्यासाठी त्यात राळ वितळवून मिसळावी आणि कठीण पिचमध्ये टर्पेंटाइनचे काही थेंब घालावेत. टर्पेंटाइनच्या वाफा पेट घेतात, त्यामुळे हे काम गॅसच्या ज्योतीवर कदापि करू नये. विजेची शेगडी वापरावी, पातेले शेगडीवरून उतरवून मगच टर्पेंटाइन घालावे आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

खालची चकती कोमट पाण्यात तापवून, पुसून कोरडी करावी आणि तिच्या कडेभोवती कागदाची ओली पट्टी दोऱ्याने घट्ट बांधून बांध तयार करावा. पिच उकळू न देता, सावकाश वितळवून, साधारण ६ मिलिमीटर जाडीचा थर ओतावा. पिच मधाइतका घट्ट झाला की पट्टी काढावी, कोमट पाण्यात तापवलेल्या आरशाला सिरियमचे पाणी भरपूर लावावे आणि तो हलकेच पिचवर दाबून फिरवावा. पाणी कमी पडले तर आरसा चिकटेल. चिकटलाच तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. दोन्ही एकत्र गार पाण्यात ठेवावेत, पिच आक्रसून ठिसूळ झाला की आडव्या धक्क्याने आरसा सुटतो. एफ/८ आरशाची मध्यातील खोली जेमतेम १.१७ मिलिमीटर असल्यामुळे पिचला ती गोलाई घ्यायला फारसा वेळ लागत नाही.

त्यानंतर पिचवर साधारण २५ मिलिमीटरचे चौकोन पडतील असे चर पाडावेत, म्हणजे पिचला वाहायला आणि पाण्याला खेळायला जागा मिळते. चर पाडताना एक पथ्य कसोशीने पाळावे: लॅपचा मध्य कोणत्याही चौकोनाच्या मध्यावर किंवा चरांच्या छेदबिंदूवर येता कामा नये. तसे झाल्यास आरशावर मध्याभोवती गोल वळ्या उमटतात. गरम केलेली पत्र्याची पट्टी किंवा पाण्याखाली धरलेले ब्लेड यांपैकी कशानेही चर पाडता येतात, ब्लेडने पिचच्या कपच्या उडतात म्हणून चष्मा लावावा. शेवटी लॅपवर मच्छरदाणीचा स्वच्छ तुकडा पसरून वर आरसा दाबला की प्रत्येक चौकोनावर बारीक जाळी उमटते. दुकानातील कुठल्याही खास साधनापेक्षा मच्छरदाणी हे काम चांगले करते, असे माझे मत आहे.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला लॅपची जुळणी आवश्यक आहे. लॅपला सिरियमचे पाणी लावून त्यावर आरसा ठेवावा, वर दोन-तीन किलोचे वजन ठेवून वीस मिनिटे थांबावे. ही वीस मिनिटे वाचवण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि प्रत्येकाला तो महाग पडतो. लॅप जुळला की नाही हे आरशाच्या पाठीतून दिसते: जुळलेले चौकोन एकसारखे गडद दिसतात आणि न जुळलेले बुडबुड्यांमुळे फिकट.

हात चालवण्याची पद्धत घासाईसारखीच आहे, पण वेग कमी. आरसा वर, लॅप खाली. आरशाचा मध्य लॅपच्या मध्यावरून पुढे-मागे जावा, आणि एकूण हालचाल आरशाच्या व्यासाच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर असावी. मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या पुरेत. सात-आठ फेऱ्यांनंतर आरसा हातात थोडा फिरवावा आणि आपण टेबलाभोवती उलट दिशेला एक पाऊल सरकावे. दाब फक्त हातांच्या वजनाइतका द्यावा आणि बोटे आरशाच्या कडेवर न रोवता तळवा पाठीवर ठेवावा. सुरुवातीला आरसा पाण्यावर तरंगल्यासारखा घसरतो, पण पाच-सात मिनिटांत पाणी कमी होऊन लॅप आरशाला ओढू लागतो. जिल्हईचे खरे काम या ओढीतच होते. नवशिका नेमक्या याच वेळी घाबरून आणखी भुकटी घालतो. ते करू नये. ओढ फार वाढली तर साध्या पाण्याचे काही थेंब शिंपडावेत आणि नवी भुकटी दहा-पंधरा मिनिटांनी एकदाच, चमचाभर घालावी. लॅप कोरडा मात्र कधीही पडू देऊ नये, कारण पाणी संपले की वर सांगितलेली रासायनिक क्रियाच संपते आणि उरते ते केवळ घर्षण आणि उष्णता.

पहिल्या दहा मिनिटांतच मध्यभाग चमकू लागतो आणि घरातील सगळ्यांना बोलावून दाखवावासा वाटतो. तो आनंद घ्यावा, पण काम संपले असे समजू नये. बारीक घासाईने सोडलेले खड्डे काही मायक्रॉन खोल असतात आणि त्यांच्या तळापर्यंत सगळी काच उचलली गेली पाहिजे. ६ इंची आरशाला यासाठी साधारण सहा ते आठ तास लागतात, ते अर्ध्या-पाऊण तासाच्या बैठकांमध्ये विभागावेत. कड सर्वांत शेवटी जिल्हई घेते. तपासणीसाठी १० पट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि आरशाच्या मागून तिरपा प्रकाश देऊन कडेजवळचा भाग पाहावा. राखाडी ठिपके दिसले तर काम बाकी आहे. अंधाऱ्या खोलीत लाल लेझर पॉइंटरचा झोत पृष्ठभागावर टाकून याहून कठोर परीक्षा घेता येते: जिल्हई पूर्ण झालेल्या ठिकाणी झोत काचेत शिरताना जवळजवळ दिसत नाही, अपुऱ्या ठिकाणी लाल ठिपका चमकतो. मध्यावरचा आणि कडेचा ठिपका सारखाच अंधूक दिसला पाहिजे. परावर्तित झोत डोळ्यांवर येणार नाही अशा बाजूला उभे राहावे.

दोष कसे ओळखायचे याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. केसासारखे बारीक, वळणदार ओरखडे दिसले तर पिच कठीण आहे किंवा लॅपवर काहीतरी पडले आहे. लॅप वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासून जाळी पुन्हा उमटवावी. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसला तर वेग आणि दाब जास्त झाला आहे. सिरियमच्या झपाट्याचा हा तोटा आहे आणि याच कारणाने काही जुने कारागीर शेवटचा तास रूजने घालवतात. सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे पडलेली कड. यात कडेचे काही मिलिमीटर बाकीच्या गोलाईपेक्षा खाली वळतात आणि दुर्बिणीत ताऱ्याभोवती प्रकाश पसरतो. मऊ पिच, लांब स्ट्रोक, न जुळलेला लॅप आणि कडेवर रोवलेली बोटे ही त्याची चार कारणे, आणि माझ्या अनुभवात यांपैकी मऊ पिच हे दहापैकी सात वेळा खरे ठरते. अशा वेळी आरसा दुरुस्त करत बसण्याऐवजी पिचमध्ये राळ घालून नवा लॅप ओतणे शेवटी कमी वेळाचे ठरते.

गोलाईची परीक्षा फूको यांनी १८५८ मध्ये सुचवलेल्या सुरीधारेच्या चाचणीने करतात, ती स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच सांगतो की जिल्हई देताना काच तापते आणि तापलेली काच खोटी गोलाई दाखवते, म्हणून बैठक संपल्यावर किमान तासभर आरसा तसाच ठेवून मगच चाचणी घ्यावी. १५० मिलिमीटरच्या एफ/८ आरशाला अचूक गोलाकारच राहू दिला तरी प्रकाशलहरीच्या पाव लांबीइतक्या चुकीची नेहमीची मर्यादा जेमतेम पाळली जाते, त्यामुळे पहिल्या आरशात अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) मागे लागण्याऐवजी नितळ गोलाकार मिळवण्यावर भर द्यावा असा माझा आग्रह आहे.

उरलेल्या भुकटीने घरातील काचांचे ओरखडे घालवावेत असे अनेकांच्या मनात येते. ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकले तर नाद सोडावा, कारण तेवढ्या खोलीपर्यंत पोहोचण्यासाठी आजूबाजूची काच इतकी उचलावी लागते की तेथून पाहताना दृश्य वाकडे दिसू लागते. मोटारीच्या पुढच्या काचेवर तर हा प्रयोग करूच नये. नख न अडकणाऱ्या पुसट ओरखड्यांवर नमद्याची ओली गादी आणि सिरियमचे पाणी चालते. चष्म्याच्या भिंगांवर ते वापरू नये: बहुतेक भिंगे आता प्लास्टिकची असतात, त्यांच्यावर ही रासायनिक क्रिया घडत नाही, आणि काचेच्या भिंगावर लेप असेल तर तो निघून जातो.

सिरियम ऑक्साइड फारसे विषारी नाही, पण त्याची कोरडी धूळ फुप्फुसात साठणे वाईट. दुर्मिळ मृदांची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेतलेल्या कामगारांमध्ये फुप्फुसाचे विकार आढळलेले आहेत. बाटली भरताना मास्क लावावा, बाकी सगळे काम ओलेच असते. बैठक संपताच आरसा वाहत्या पाण्याखाली ओल्या कापसाने पुसावा, कारण भुकटी एकदा काचेवर वाळली की ती सहजी निघत नाही आणि सौम्य आम्लातही विरघळत नाही. लॅप ओला करून, प्लास्टिकच्या पिशवीत, झाकलेल्या डब्यात आडवा ठेवावा. उभा ठेवला तर पिच रात्रीतून एका बाजूला ओघळतो. धुतलेले पाणी मोरीत न ओतता बादलीत रात्रभर ठेवावे, सकाळी वरचे नितळ पाणी फेकावे आणि तळाचा जड गाळ जुन्या वर्तमानपत्रात वाळवून कचऱ्यात टाकावा, नाहीतर तो मोरीच्या वाकणात बसतो आणि प्लंबरला बोलवावे लागते.